चिंतामणी रंग

"हा लॅपटॉप जरा दारात, उजेडात आणा हो," सासूबाईंनी डिझायनरला फर्मावलं. मृदुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅचिंग सेंटरमधलं ब्लाउजपीस त्या असंच दारात नेऊन बघत. पण इथे दोघींच्या गोधड्यांच्या कंपनीचा लोगो ठरत होता.

अक्षरं चटकन ठरली. "ही गोलसर घ्या, टाके घातल्यासारखी दिसतात," सासूबाई म्हणाल्या. रंगावर मात्र गाडं अडलं. मृदुलाने सुचवलेल्या प्रत्येक रंगाला सासूबाईंनी नाक मुरडलं. इतकी वर्षं झाली, तरी यांना आपलं काही म्हणजे काही पसंत पडत नाही, असं वाटून तिने रंग सुचवणंच सोडून दिलं.

डिझायनर बिचारा पायरीवर बसून रंग पालटत राहिला. एका निळ्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, "थांबा. हाच. चिंतामणी."

"हाच का, आई?"

"रजिस्टर लग्न करून तुम्ही दोघं फाटकाशी आलात, तेव्हा तुझी साडी ह्याच रंगाची होती. काय खुलून दिसत होतीस!"

"पण तुम्ही तर दार लावून बसला होतात!"

"दार लावलं होतं," स्क्रीनवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या, "खिडकी नव्हती लावली."