सातवी पायरी

"तुम्ही फक्त दारं उघडायची," बाईंनी नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. "तोंड नाही."

गवंडीबुवांनी निमूट मान डोलावली. घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, आणि आधीची दोन गिऱ्हाइकं त्यांच्याच जिभेमुळे परत गेलेली. एकाला त्यांनी होऊन गच्चीची ओल दाखवली, दुसऱ्याला न्हाणीघराचा चुकलेला उतार. इकडे बाईंचे गुडघे आता कुणाचं ऐकत नव्हते. त्यांना तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा हवी होती, आणि हे घर विकल्याशिवाय ती मिळणार नव्हती.

आज आले होते ते नवरा-बायको आणि त्याची म्हातारी आई. बाई रंगात आल्या. तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेला आवाज, तो घरभर फिरला. सकाळचं ऊन कुठवर येतं, स्वयंपाकघरात वारा कुठून खेळतो, कपाटं किती खोल आहेत, हे त्यांनी अशा झोकात सांगितलं की सूनबाई मनातल्या मनात भांडी लावायला लागली. व्यवहार जमल्यातच जमा होता. गवंडीबुवा एकेक दार उघडत होते आणि ओठ मिटून बाजूला होत होते.

मग सगळे जिन्याशी आले. बाई गुडघ्यांची कळ लपवत पुढे होऊन वर पोचल्या. मागून म्हातारीनं कठडा धरला आणि मोठ्या हौसेनं चढायला लागली. चार, पाच, सहा.

"मावशी, जपून," गवंडीबुवा खालून बोलले. "सातवी पायरी जरा उंच आहे. बांधताना माझ्याच हातून चुकलीय. अर्धा इंच."

बाई वरून नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्या पायरीला अडखळून त्यांनी दोनदा चहाचा ट्रे सांडला होता, एकदा मनगट मोडून घेतलं होतं. दर वेळी बुवांचं उत्तर ठरलेलं: पाय उचलून चालावं माणसानं. गवंड्याच्या स्वतःच्या जिन्यात खोट कशी असेल, म्हणून त्यांनीही बिचाऱ्या पायांनाच बोल लावला होता. आता त्यांना असा संताप आला की गिऱ्हाइकाचाही विसर पडला.

म्हातारीनं पाऊल थोडं जास्त उचललं, सातवीवर नीट टेकवलं आणि मागे वळून मुलाला म्हणाली, "सहा घरं हिंडलो. जपून म्हणणारा हा पहिला माणूस. हेच घर घे."

ती तिघं वरची खोली बघायला आत गेली. बाई कठडा धरून खाली उतरू लागल्या आणि सातवीवर थांबल्या.

"अर्धा इंच?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

गवंडीबुवांनी एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा बायकोच्या मनगटाकडे.

"पाऊण," ते म्हणाले.