पसरलेले पाय

तंत्रज्ञान व्यवस्थापनाच्या पदवीसाठी नातीला आजच कॉलेज ठरवायचं होतं. बाबांना काचेच्या इमारतीतलंच हवं होतं. तिथं सोबत आलेल्या आजोबांचा डोळा लागताच रखवालदारानं उठवलं होतं. दुसऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तर ते पाय पसरून घोरूच लागले. फरशीवरच्या उन्हातून मुलांनी बनवलेला मालवाहू रोबो तरंगल्यासारखा आला, पायांपाशी अडला आणि भोंगा वाजवत कोकलू लागला. “आजोबा, उठा ना!” नात लाजेनं अर्धी झाली. “झोपू दे त्यांना,” प्रयोगशाळेतल्या मॅडम कुजबुजल्या. “मुलांनो, हे पाय अडथळा नाहीत, गिऱ्हाईक आहेत. रोबोनं काय करावं?” भोंगा थांबला. हळू आवाजात वाद रंगला; त्यात नात कधी शिरली, तिलाच कळलं नाही. मुलांनी सूचना बदलल्या आणि रोबो अलगद वळसा घालून गेला. “स्वप्नात शेजारून होडी गेली गं,” आजोबा पुटपुटले. नातीनं बाबांना फोन लावला. “हेच कॉलेज. इथं आजोबांना छान झोप लागते.”