आवाज जुळत नाही

"आवाज जुळत नाही," कानसेन म्हणाला आणि त्याने तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

काचेपलीकडच्या बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर बसलेल्या तिने मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. अंधांसाठी एक कादंबरी ध्वनिमुद्रित होत होती. परवापर्यंत निम्मं पुस्तक झालं होतं. आज मात्र तिचा घसा असा बसला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, मधेच कुणी दुसरीच बाई वाचायला आली. सर्दी झालीय, एवढंच तिने आल्या आल्या सांगितलं. कानसेनने थर्मासमधलं गरम पाणी दिलं. दर घोटाला तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. तानसेन व्हायला निघालेला माणूस घशाने दगा दिला म्हणून कानसेन झाला, अशी स्टुडिओत त्याची थट्टा चालायची आणि त्यालाही ती आवडायची. कुठे पाल चुकचुकली तरी त्याच्या कानातून सुटत नसे. सापडली की तो ती काढून टाकायचा. त्याचं कामच ते. खोकला, खुर्चीची करकर, पानांची सळसळ, तांदळातले खडे वेचावेत तसं सगळं वेचायचं आणि पुस्तक स्वच्छ करून द्यायचं.

अलीकडे तिच्या वाचनात खडे फार येऊ लागले होते. आधी फोनची घरघर. नवरा सारखा विचारायचा, कुठे आहेस, सोबत कोण आहे. उचलला नाही तर लगेच दुसरा यायचा. मग मनगटाला बांधलेल्या पट्ट्याची चरचर. जिन्यात पाय घसरला, असं ती म्हणाली होती. एकदा दार उघडं असताना कानसेनच्या हातून कप फुटला, तर तिचा श्वास असा अडकला की पुढचं अर्धं वाक्य गेलं. तेही त्याने सफाईने कापलं. वर, तुझा नवरा फार काळजी घेतो गं, असं कौतुकही करून झालं होतं. तो नवरा पूर्वी तिला न्यायला यायचा तेव्हा खाली गाडीत थांबायचा. आज तिला घेऊन वर आला होता आणि दाराबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसला होता.

तिसऱ्यांदा ऐकताना कानसेनने डोळे मिटले. सर्दी म्हटली की नाक चोंदतं, आणि नाक चोंदलं की माणूस 'मन' म्हणायला जातो अन् 'बद' म्हणतो. हिचा म स्वच्छ होता. न स्वच्छ होता. बिघडलं होतं ते फक्त गळ्यात. त्याने डोळे उघडून काचेतून पाहिलं. आवाज येतो म्हणून आतला पंखा बंद ठेवावा लागे. ती घामाने निथळत होती, तरी गळ्याभोवतीची ओढणी तिने जराही सैल केली नव्हती.

इतके दिवस आपल्याला सगळं ऐकू आलं, आणि आपण ते वेचून वेचून केरात टाकलं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने बोलायचं बटण दाबलं.

"पोरी, ही सर्दी नाही."

ती आधी दाराकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, इथलं बोललेलं बाकावर ऐकू जातं का. नाही, तो म्हणाला, आत ढोल वाजवला तरी जात नाही.

"रेकॉर्डिंग चालू आहे?"

"थांब, बंद करतो."

"नको, काका. चालू राहू द्या."

तिने पुस्तक मिटून बाजूला सरकवलं. ओढणी सोडली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळेनिळे वळ होते, आणि ते बोटांचे आहेत हे सांगायला कुणी लागत नव्हतं. कानसेनने मान वळवली नाही. तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आजची तारीख सांगितली. मग खुर्ची पुढे ओढून ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलू लागली.

"काल त्याने माझा गळा दाबला. आधी नुसता ओरडायचा. मग वस्तू फोडू लागला, हात पिरगळू लागला. गळ्याला हात कालच पहिल्यांदा लावला. माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. शुद्धीवर आले तर तोच पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसला होता. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, आज सोडलं."

ती थांबली. मायक्रोफोनपासून थोडी मागे झाली.

"नीट आलं का, काका? परत सांगू?"

"नको," कानसेन म्हणाला. "एकदा पुरे झालं."

त्याने कानावरचा हेडफोन काढून ठेवला, तोच बाहेर बाक करकरला. पावलं दाराशी येऊन थांबली. कानसेनने उठून दाराला आतून कडी घातली आणि पोलिसांना फोन लावला.