विहिरीतलं औषध

"इहिरनं पानी नासनं, साहेब. वास येस," अभिमन पाटील हात जोडून म्हणाले. "कोनी तोंड लावत नहीं."

"नासलं? अहो, नासलेलं होतं ते आता कुठे पिण्यालायक झालंय!" पितांबर खेकसला.

धुळ्याहून आलेल्या या सॅनिटरी इन्स्पेक्टरला शिरपूरकडच्या खेड्यांचा मनापासून तिटकारा होता. पटकीच्या साथीने गावात घरटी रडारड लावली होती, तरी लोक मरीआईला कोंबडी कापत बसलेले. त्याने सकाळी स्वतः कालवून विहिरीत सोडलेल्या क्लोरीनच्या पांढऱ्या भुकटीला मात्र नाकं मुरडायची! तेव्हापासून विहिरीत एक घागर बुडाली नव्हती. बायका नदीत झिरे उकरून पाणी भरत होत्या, आणि त्याच नदीत वरच्या अंगाला मेलेल्यांच्या गोधड्या धुतल्या जात होत्या. असल्या अडाण्यांनी मेलेलंच बरं, असं त्याला वाटे. पण आणखी मढी उठली तर वरचे साहेब त्याचीच मानगूट धरणार होते.

"गोळा करा सगळ्यांना पारावर," तो म्हणाला. "आणि विहिरीचं पाणी मागवा. मीच पिऊन दाखवतो."

पाटलांची आई, तानुबाई, लगबगीने उठली. बऱ्याच वेळाने ती राखेने लखलखीत घासलेला तांब्या पदराखाली झाकून घेऊन आली. पाणी फडक्यातून गाळलेलं होतं.

पितांबरने तांब्या नाकाशी नेला. वास आला नाही. तो क्षणभर चपापला, मग गालात हसला. भुकटी मोजावी तर त्यानेच. धुळ्याच्या ऑफिसात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

त्याने घटाघट अर्धा तांब्या रिकामा केला.

"कुठाय वास? नाकं आहेत की बिळं? हुंगा!"

तांब्या हातोहात फिरला. कालच बायकोला मसणात पोचवून आलेल्या नथ्थूने तो दोनदा हुंगला.

"खरंच वास नहीं," तो म्हणाला आणि डोळे पुसू लागला. "आपलंच खूळ व्हतं."

बायका एकमेकींकडे बघत उठल्या. कुणी घागर काखेला मारली, कुणी दोर उचलला. पितांबरचा ऊर भरून आला. मेंढरांना हाकावं लागतं ते असं, तो मनात म्हणाला आणि उरलेला तांब्याही त्याने तळापर्यंत संपवला.

पारावरची माणसं पांगल्यावर त्याने रिकामा तांब्या तानुबाईच्या हाती दिला.

"पाहिलंत ना, अक्का? आता रोज औषधाचंच पाणी प्यायचं."

"पिसूत ना, भाऊ. आम्हनं काय, आम्ही घरना मानसं," तानुबाई हळूच म्हणाली. "पन असं वासनं पानी पाव्हनाले कसं देवानं? तुम्हनाकरता मी नदीवरतून आनं."