सामाईक स्वयंपाकघर

"घराघरांत चुली मांडल्यात तर ही वसाहत संपली!" रंगनाथराव भरसभेत कडाडले. जमीन सगळ्यांची, स्वयंपाकघर एकच, घरांना कुंपण नाही, असं हे गाव त्यांनीच तरुणपणी माळावर वसवलं होतं.

"संपली तर संपली," त्यांची सून हेमांगी म्हणाली. "जन्मभर शंभर माणसांच्या भाकऱ्या कुणी थापायच्या?"

"आपमतलबी आहात सगळ्या!" त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

उमाबाई उठल्या. "गाव तुम्ही वसवलंत, पण खपलो आम्ही. तुमच्यातला एक तरी पुरुष कधी चुलीपुढे बसला का?" त्यांनी सुनेच्या बाजूने हात वर केला. पाठोपाठ साऱ्या बायकांचे हात वर गेले.

घरोघरी स्वयंपाकघरं झाली, तरी रंगनाथराव हट्टाने सामाईक स्वयंपाकघरातच जेवायला गेले. तिथे कुणीच नव्हतं. त्यांनी लाकडं रचली, फुंकून फुंकून डोळे लाल केले, पण जाळ धरेना.

उमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पेटवून देऊ?"

"काही गरज नाही!" ते खेकसले.

"बरं. पीठ डब्यात आहे, चाळून घ्या," म्हणत त्या स्वतःच्या स्वयंपाकघराकडे निघून गेल्या.