तिसऱ्या देशाचं मत

स्क्वाड्रन लीडर मृणाल शेजवलकरने बटण दाबलं, पण क्षेपणास्त्र सुटलं नाही.

"भागीदारांची संमती मागितली आहे, मॅडम," विमान म्हणालं.

तीन देशांनी मिळून बनवलेलं हे विमान दोन देशांचा होकार असल्याशिवाय मारा करत नसे. करार झाला तेव्हा याच अटीला टाळ्या पडल्या होत्या. आता समोरून अगदी तसंच विमान चाल करून येत होतं, कालपर्यंतच्या भागीदाराचं.

"ज्याला पाडायचंय त्यालाच विचारतोस, मेल्या?"

"त्यांनी नकार दिलाय. तुम्हाला पाडायला तेही संमती मागताहेत."

"आपलाही नकार कळव! तिसरा काय म्हणतोय?"

"संमती दिली, मॅडम."

मृणाल हसली. "आता बघतेच याला!"

"दोघांनाही दिली," विमान म्हणालं.