पारा कुठून आला

तळ्याच्या पाण्यात पारा आहे, हे तिने आपल्या प्रयोगशाळेत बनवलेल्या कागदी पट्टीने सिद्ध केलं होतं. पट्टीवर सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. पाऱ्याशी गाठ पडली की लाल पट्टी निळी व्हायची. सगळ्यांनी थर्मामीटरच्या बंद कारखान्याकडे बोट दाखवलं. ती मात्र तळ्याला मिळणाऱ्या गटाराचा माग काढत, प्रत्येक झाकणाखाली पट्टी बुडवत गेली आणि पोहोचली थेट नवऱ्याच्या दातांच्या दवाखान्यात. खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते. नवरा त्यांच्या दाढेत भरलेली जुनी चांदी कोरून काढत होता. "तुझ्या बेसिनचं पाणी तपासायचंय," ती म्हणाली. "माझ्यावर संशय? तुझी पट्टीच बिघडली असेल." तिने एक पट्टी पिण्याच्या पाण्यात बुडवली, ती लालच राहिली. दुसरी तिने बेसिनच्या पाइपखाली धरली. बघता बघता ती निळी झाली. "दातांच्या चांदीत निम्मा पारा असतो, हे तूच मला सांगितलं होतंस." नवऱ्याने हातातलं यंत्र खाली ठेवलं. तेव्हा आजोबांनी कसंबसं विचारलं, "डॉक्टर, मी तोंड मिटू का?" त्याने दाढ तात्पुरती बुजवून त्यांना घरी पाठवलं, नळ बंद केला आणि पाइपला चांदी अडवणारी गाळणी बसवायला प्लंबरला बोलावलं. "तळ्यावर मासे धरतात त्यांना मी सांगून येते," ती म्हणाली. दवाखान्याला कुलूप लावत तो म्हणाला, "तू नको. पारा माझा आहे, मीच सांगतो. तू फक्त बरोबर चल."